पायाकडे बघू नकोस

४ मार्च, मंगळवार

प्रिय बारके,

अक्षर ओळखून पाकीट फाडून फेकलं नसशील तर आधी एवढंच वाच. तुला चोवीस तारखेला ज्या प्रयोगशाळेत बोलावलंय, तिथली तंत्रज्ञ मी आहे. गुडघ्यांना, घोट्यांना चकचकीत मणी चिकटवून माणसांना पट्टीवरून चालवणारी बाई, ती मीच. आत शिरलीस, मला पाहिलंस आणि पाठ फिरवून परत गेलीस असं व्हायला नको, म्हणून अकरा वर्षांनी हे लिहितेय.

तुझा पत्ता मी फाइलमधून उचलला. तसा उचलता येत नाही, नोकरी जाते. शुक्रवारी नवी यादी आली. बाविसाव्या नंबरावर तुझं नाव होतं. खाली वय, आजाराची वर्षं अकरा, आणि 'काठीच्या आधाराने चालते.' मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले. फोन नंबरही होता. पण फोन उचलून तू गप्प राहिलीस तर काय करायचं, या भीतीने पत्र लिहायला घेतलं.

हा अभ्यास काय आहे तेही सांगते, कारण मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून काही कळत नाही. पाय लुळा पडतो, हात थरथरतो, मान वाकडी होते आणि फोटोत, रक्तात, कुठेच काही सापडत नाही, अशा माणसांचा हा अभ्यास आहे. आमच्या मॅडम त्यांना दोनदा चालायला लावतात. एकदा नुसतं, एकदा शंभरातून सात-सात वजा करत. धडधाकट माणूस वजाबाकी करताना अडखळतो. या आजारातली माणसं वजाबाकी करताना सुधारतात! पायावरचं लक्ष उडालं की पाय चालतो. का, ते मॅडमनाही अजून पुरतं कळलेलं नाही. त्यानंतर पाच दिवस पायाला परत शिकवतात. काहींना खूप फरक पडतो. तुझ्याआधीच्या सतरा नंबरचा सुतार काठी आमच्याकडेच विसरून गेला.

म्हणून ये. मी त्या दिवशी रजा टाकीन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. त्या वेळी जे झालं ते झालं, त्यावर आता बोलून काय उपयोग.

अण्णा बरे आहेत. कानाने ठार बहिरे झालेत, पण तुझा विषय काढला की बरोबर ऐकू येतं. अक्षर वाकडं येतंय कारण पलंगावर बसून लिहितेय. जिन्यात पाय मुरगळलाय जरासा.

तुझी,
ताई


१० मार्च, सोमवार

प्रिय बारके,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच, तरी रोज पत्रपेटीत हात घालून बघतेय.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. पाय मुरगळला ते खरं, पण त्याला आता दोन आठवडे झाले. सूज उतरली, काळंनिळं गेलं, दुखतही नाही. फक्त पाय येत नाही. उजवा. उभी राहते, डावा टाकते आणि उजवा मागेच राहतो. ओढत आणावा लागतो. सकाळी पलंगावरून उतरताना मी त्याच्याकडे बघते आणि मनात म्हणते, चल रे बाबा. तो ढिम्म.

कुणाला सांगितलेलं नाही. प्रयोगशाळेत मी मण्यांची ट्रॉली ढकलत फिरते, ट्रॉलीला धरलं की ओढणं दिसत नाही. घरी भिंती धरते. अण्णांची नजर अधू झालीय हे बरंच झालं म्हणायची वेळ आलीय माझ्यावर.

आणि आज जे झालं त्याने माझं धाबं दणाणलंय. तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

ट्रॉलीचं पुढचं चाक दाराच्या पट्टीत अडकलं. मी वळसा घालून पुढे गेले आणि तिला ओढत उलटी मागे मागे चालायला लागले. पाच-सहा पावलं गेले असेन. मग लक्षात आलं. बारके, उजवा पाय चालत होता! नीट, टाच टेकवून, डाव्यासारखा. मी थांबले, तोंड फिरवून सरळ निघाले. मेला. परत उलटी. परत जिवंत.

रोज माझ्या हाताखालून जातं ते हेच. उलटं चालता येतं, सरळ येत नाही. अशा चार माणसांना मी मणी लावलेत. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मनात एकच शब्द घुमत होता, आणि तो कुठला हे तुला माहीत आहे, कारण तो मीच तुला दिला होता. नाटक.

मीच करतेय का हे? खरंच विचारतेय. मी नाही करत, देवाशपथ नाही. पण मग उलटं चालताना कोण चालतं? माझाच पाय ना तो? आणि सरळ चालताना त्याला धरून कोण ठेवतं? दिवसभर मी माझ्यावरच पहारा ठेवून आहे. चोर सापडत नाही आणि पहारेकऱ्याला झोप नाही. तुला चार महिने असंच वाटत होतं का? आणि वरून आम्ही सगळे तुझ्या खाटेभोवती डोळे वटारून उभे.

सुतारासारखी बरी झाले नाही तर? काही होत नाहीत, हेही मी लिहायला हवं होतं. मुद्दामच गाळलं. आठ नंबरची बाई आली होती तशीच व्हीलचेअरमधून परत गेली. मी पडले तर अण्णांना कोण बघणार?

घाबरले आहे मी.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

प्रिय बारके,

आज सगळं बाहेर आलं. ज्या मार्गाने आलं त्याची लाज वाटते, पण थोडं हसूही येतं.

अभ्यासात धडधाकट माणसंही लागतात, तुलना करायला. ती मिळत नाहीत, म्हणून आम्ही कर्मचारीच चालतो. 'निरोगी, नंबर नऊ' म्हणजे मी. सहा महिन्यांपूर्वी मी त्या पट्टीवरून ऐटीत चालले होते. सहा महिन्यांनी परत चालायचं असतं, आणि मॅडमनी बुधवारी सांगितलं, तुझं राहिलंय, उद्या आटपून टाक.

उद्या! माझी पाचावर धारण बसली. आणि मग मी असा शहाणपणा केला की विचारू नकोस. मोजणी मीच करते, मॅडम दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघतात. पडद्यावर चेहरा नसतोच, नुसते मण्यांचे ठिपके चालतात. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत, माझ्याच उंचीच्या, माझ्याच अंगाच्या. त्यांना म्हटलं, मावशी, मशीन बिघडलंय का बघायचंय, जरा चालता का? बिचाऱ्या चालल्या. वजाबाकीच्या वेळी म्हणाल्या, "अगं, शंभरातून सात मला जन्मात कधी गेले नाहीत, मी आपली नातवंडांची नावं घेते." नातवंडं अकरा. पट्टी संपली तरी नावं संपेनात.

आज सकाळी मॅडमनी बोलावलं. पडद्यावर नंबर नऊ चालत होता. त्यांनी दोनदा पाहिलं. मग माझी जुनी नोंद शेजारी लावली.

"ही कोण?"

"मीच की, मॅडम."

"तू उजवा खांदा खाली टाकून चालतेस. कायम. ही बाई नाही टाकत."

अण्णांचा खांदा तो. तुझाही तसाच आहे. मी आपली जुन्या ठिपक्यांकडे बघत राहिले, किती भराभर चालत होते मी! मॅडम म्हणाल्या, "आता दारापर्यंत जाऊन ये. ट्रॉली सोडून."

गेले. म्हणजे निघाले. तिसऱ्या पावलाला टेबल धरलं आणि ढसाढसा रडायला लागले. मुरगळणं, उलटं चालणं, मावशी, सगळं सांगून टाकलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर तुझ्या पत्त्याचंही सांगितलं.

त्या आधी पत्त्यावरच भडकल्या. आवाज चढवत नाहीत त्या, उलट हळू बोलायला लागतात. म्हणाल्या, "माणसं आपल्यावर विश्वास टाकून नाव लिहितात. हे मला समितीला कळवावं लागेल. तुझं काय होईल मी सांगू शकत नाही. आणि बाविसाव्या नंबरला मी स्वतः फोन करून हे सगळं सांगणार आहे. यायचं की नाही ते त्या ठरवतील."

म्हणजे बघ. मी तुला इथे आणायला निघाले आणि माझ्याच पत्रापायी तुझं येणं अडलं तर? करायला गेले एक. तू मॅडमना नाही म्हणू नकोस गं. माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ, त्यांच्यावर काढू नकोस.

पुढचं उद्या-परवा लिहिते. आज लिहवत नाही.

ताई


१६ मार्च, रविवार

प्रिय बारके,

अण्णा जेवून भिंग आणि पेपर घेऊन बसलेत. मी दार लावून घेतलंय. शुक्रवारचं अर्धंच सांगितलं.

रागावून झाल्यावर मॅडमनी मला तपासणीच्या खाटेवर आडवं केलं. माझ्या उजव्या टाचेखाली आपला तळवा ठेवला आणि म्हणाल्या, टाच खाली दाब. मी जीव खाऊन दाबली. काही नाही. मग म्हणाल्या, "आता उजवा विसर. डावा पाय वर उचल, मी तो दाबून धरते, तू जोर लाव." मी डाव्याला जोर लावला. त्यांनी विचारलं, "माझा हात चिरडतोय, कळतंय का?" उजवी टाच त्यांच्या तळव्यात रुतली होती. माझ्या नकळत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, झालं, पकडली गेले. आता म्हणतील, बघ, पायात जोर आहे, उगाच सोंग करतेस.

त्या म्हणाल्या, "बघ, पायात जोर आहे. रस्ता शाबूत आहे. तू मुद्दाम हाक मारलीस की तेवढी पोचत नाही. ही फार चांगली बातमी आहे."

मी म्हटलं, "म्हणजे मी नाटक करत नाही?"

"नाटक करणाऱ्याला पाय हवा तेव्हा हवा तसा वापरता येतो. तुला येतोय?"

"नाही."

"मग झालं तर."

मी विचारलं, बरा होईल ना? त्या म्हणाल्या, "शक्यता चांगली आहे. शब्द देत नाही." खोटा दिलासा द्यायचा स्वभावच नाही बाईचा.

बारके, तेच वाक्य होतं. बघ, पायात जोर आहे. मी अकरा वर्षांपूर्वी तुला हेच म्हटलं होतं, फक्त तोंड वाकडं करून. आता ते सांगते. 'जे झालं ते झालं' असं म्हणून मी पहिल्या पत्रात पळ काढला होता.

तापातून उठलीस आणि तुझा पाय गेला. चार महिने खाटेवर होतीस. सगळे रिपोर्ट स्वच्छ. मी तेव्हा एक्स-रे विभागात नुकतीच चिकटले होते, हातभर पांढरा कोट मिळाला आणि स्वतःला अर्धी डॉक्टर समजायला लागले. तू झोपेत पाय हलवतेस हे मी पाहिलं. मग मी ठरवलं की हिला उघडी पाडायची. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं मी आईला ऐकवायचे, तुला ऐकू जाईल अशा आवाजात.

त्या दिवशी काका-काकू आले होते, मामा-मामी आले होते. मुद्दाम तोच दिवस निवडला मी. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, माझ्या तोंडून सहज गेलं. सहज नव्हतं. मी मागच्या दारी गेले, अण्णा दुकानात होते हे मला माहीत होतं, आणि किंचाळले, "अण्णा पडले! धावा, अण्णा पडले!"

तू धावलीस. तीन पावलं. उंबऱ्यापर्यंत. मग तुला कळलं असावं की आपण उभ्या आहोत, कारण तू खाली पायाकडे बघितलंस आणि कोसळलीस. हनुवटी उंबऱ्यावर फुटली. आणि मी टाळ्या वाजवल्या. रक्त दिसत असताना. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बघा! चालतेय! पायात जोर आहे, नाटक आहे सगळं."

तुझ्या हनुवटीला तीन टाके पडले. आईने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. पुढे ती वारली तेव्हाही तुम्ही दोघी मला त्याच नजरेने बघत होतात असं मला वाटत राहिलं. महिन्याभरात तू घर सोडलंस. मी म्हटलं, बघा, जायला बरे पाय फुटले! माझी जीभ. उचलली की लावली टाळ्याला.

खरं तर मी काय पाहिलं होतं त्या दिवशी? तुझा रस्ता शाबूत आहे हे पाहिलं होतं. सगळ्यात आधी मी पाहिलं होतं. तेव्हा टाळ्या न वाजवता कुणा शहाण्या माणसाला जाऊन ते सांगितलं असतं, तर तुझी अकरा वर्षं वाचली असती. असं मॅडम म्हणाल्या नाहीत, मीच म्हणतेय. तेव्हा तुला जो धाक बसला असेल तो आता मला रोज सकाळी बसतो. फरक एवढाच की माझ्या खाटेपाशी टाळ्या वाजवायला कुणी नाही.

माफी मागून भागत नाही, तरी मागते. चोवीस तारखेला ये. माझ्यासाठी नको येऊस. पायासाठी ये.

ताई


२३ मार्च, रविवार, सकाळ

बारके,

हे पत्र पोस्टात टाकून उपयोग नाही, तू आज पोचणार. म्हणून दाराला बाहेरून चिकटवतेय. घंटा वाजवलीस ना? मग उभ्या उभ्या वाच. वाचायला वेळ आहे.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. तोंडपाठ झालंय. 'ताई, पत्रं मिळाली. चारही. अक्षर घाण. मॅडमशी बोलले, येतेय. चालताना पायाकडे बघू नकोस, समोर भिंतीकडे बघ आणि मनात सतराचा पाढा म्हण. सोपा पाढा घेऊ नकोस, डोकं मोकळं राहतं. रविवारी दुपारी घरी पोचते. बारकी.' बस. माफीबद्दल एक अक्षर नाही. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तिकिटाखाली काही लिहिलंय का तेही पाहिलं. ठीक आहे. ते काही तू माझं देणं लागत नाहीस.

पण बयो, सतराचा? अण्णांनी याच पाढ्यावरून माझा कान पिळला होता आणि तू दाराआडून खिदळली होतीस, ते विसरली नाहीस ना? शुक्रवारपासून म्हणतेय. सतरा चोक अडुसष्टपर्यंत पाय येतो. सतरा पंचे पंच्याऐंशीलाही येतो. सहाव्याला आकडा आठवत नाही म्हणून मी थांबते, थांबले की खाली बघते, आणि खाली बघितलं की संपलं. काल दोनदा पडले. अण्णांना कळलं. ते स्वयंपाकघरातून एकशे दोन, एकशे दोन असं ओरडले. बहिरा माणूस! मनात म्हणायचा पाढा मी मोठ्याने म्हणत होते म्हणे.

उद्या तुला मणी मी लावणार नाही, नातेवाइकाला लावता येत नाहीत. दुसरी मुलगी लावेल, हात हलका आहे तिचा. समितीने मला मंगळवारी बोलावलंय. काय होईल ते होईल, त्याची भीती या दाराच्या भीतीपुढे काहीच नाही.

मी समोरच्या खुर्चीत बसलेय. खुर्चीपासून दारापर्यंत बारा पावलं आहेत, मोजलीत. अण्णा म्हणाले, मी उघडतो. मी म्हटलं, खबरदार. ट्रॉली नाही, भिंत नाही. मीच येणार. मध्येच धप्प असा आवाज आला तर समज की एकशे दोनला अडकले. उठेन आणि परत निघेन.

तुझ्या मनात येईल की हिला लवकर यायला लावावं. एक हाक पुरेल. 'अण्णा पडले' म्हणून ओरडलीस तर मी धावत येईन, तीन-चार पावलं तरी नक्की धावेन. मॅडमनी मला ते समजावून सांगितलंय आणि तुला तर कुणी सांगायलाच नको. तुझा हक्कही आहे.

पण ओरडू नकोस. मी निघालेय. तू फक्त थांब.